मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

सिनेमा मुळातच टाकाऊ असता तर मी तो केव्हाच विसरले असते. टाकाऊ सिनेमे मी आयुष्यात पोत्याने पाहिले आहेत आणि त्यांच्यावर माझा राग नाही. राग येतो तो अर्ध्यापर्यंत सोन्यासारखा चालून पुढे माती खाणाऱ्यावर. दसऱ्यानंतर आम्ही तिघींनी खामगावला जाऊन पाहिलेला तो मराठी सिनेमा असाच होता. त्याने नुसतं आमचं तिकीट वाया घालवलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्याने माझ्या नणंदेचं तोंड उघडलं आणि दोन तासांत परत शिवून टाकलं. ते काही मला अजून पचत नाही.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तिला साखरखेर्ड्याकडच्या एका गावात दिली होती. जावई शाळेत मास्तर, निर्व्यसनी, आवाज कधी चढवायचा नाही, सासूच्या पाया पडल्याशिवाय घरात पाऊल टाकायचा नाही. राखीला म्हणून ती नांदुऱ्याला आमच्याकडे आली ती गेलीच नाही. पहिल्यांदा सासूबाईंना बरं वाटलं. मग पोळा झाला, गणपती उठले, तरी ही मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. तेव्हा घराने तिला विचारायला सुरुवात केली.

विचारणं तरी कसं! मारतो का? नाही. पितो का? नाही. बाहेर काही आहे का? नाही. माहेराहून काही आण म्हणतो का? तेही नाही. "मग काय वं?" सासूबाई विचारायच्या आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. उत्तर नसलेल्या माणसाला घरात किती कमी जागा असते ते मी तेव्हा पाहिलं. आमचं घर रेल्वेलाइनला लागून, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दिवसभर गाड्या नागपूरकडे जातात, मुंबईकडे जातात, भांडी हलतात, आणि ती मात्र त्या खोलीतून अंगणापर्यंतही जायची नाही. शेजारणी काहीतरी मागायच्या निमित्ताने यायच्या आणि आत डोकावून जायच्या. पुढे पुढे मला स्वतःलाच घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं. मी शाळेत शिकवते, निदान दिवसातून पाच-सहा तास बाहेर पडते. तिला ते पाच-सहा तासही नव्हते.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला गल्लीतल्या पोरींनी आमच्या ओसरीत भुलाबाई मांडली. आमच्या वऱ्हाडात भुलाबाई महिनाभरासाठी माहेराला येते, मातीची असते, शेजारी तिचा भुलोजी बसलेला असतो, आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते. सासूबाईंना त्यातूनच सुचलं. एक दिवस मूर्तीपुढे दिवा लावता लावता त्या म्हणाल्या, "देवी असून थे महिन्यात परत जाते. तू कोन लागून गेली? कोजागिरी झाली का जवाईबापूले बोलावते मी." माझा नवरा समोरच बसला होता. तो मोबाइलवरून नजर न काढता "हाव" म्हणाला. झालं, ठरलं.

लेकीला पाठवायची म्हणजे साडी घ्यायला हवी, आणि सासूबाईंना साडी खामगावचीच लागते. मी म्हटलं, जातोच आहोत तर दुपारचा सिनेमा पाहू. मला सिनेमाचं वेड आहे हे खरं, पण त्या दिवशी मनात दुसरंच होतं. निदान तीन तास ही पोरगी अशा अंधारात बसेल जिथे तिला कोणी काही विचारणार नाही, एवढंच मला हवं होतं. सासूबाई "मी काऊन येऊ?" म्हणत म्हणत आल्या.

थिएटरात आमच्यासकट मोजकी माणसं. पंख्यांचा नुसता आवाज, वारा नाही. दाराचे जाड पडदे ओढले गेले आणि आतली हवा जागच्या जागी बसली. आम्ही भिंतीकडच्या खुर्च्यांवर. सगळ्यात आत नणंद, मग मी, मग सासूबाई. साडीची पिशवी नणंदेच्या मांडीवर होती.

सिनेमा एका बाईचा होता. टेकडीच्या उतारावरचं एकटं घर, त्यात नवरा-बायको. नवरा शांत, हसरा. घडत काहीच नव्हतं. बाई खिळ्याला किल्ली अडकवते, संध्याकाळी किल्ली पिठाच्या डब्यात सापडते. बाई ओरडत नाही. किल्ली नळाखाली धुते, पुसते आणि परत खिळ्याला अडकवते. कॅमेरा तिच्या पाठीशी उभा राहतो आणि आपल्याला तिचा चेहरा दाखवतच नाही. मागच्या रांगेतला एक जण मोठ्याने जांभई देऊन उठून गेला. मी मात्र खुर्चीच्या कडेवर आले होते. आपल्याकडे एवढा दम धरून सिनेमा काढणारा कोणी आहे, याचंच मला कौतुक वाटत होतं.

मग एक प्रसंग आला. नवरा जेवता जेवता म्हणतो, खिडकी उघडी राहिली गं. बाई उठते, बघते, खिडकी बंद असते. ती परत येऊन सांगते, बंद आहे. तो हसतो आणि वरण वाढून घेतो. बस्स एवढंच. पण ती बाई पुन्हा उठते आणि पुन्हा खिडकी बघून येते. त्याने सांगितलेलं नसताना.

त्या क्षणी शेजारी प्लॅस्टिकची पिशवी चुरगळल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर नणंदेने पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, आणि ती पडद्याकडे अशी बघत होती की मला तिला हाक मारवेना.

मध्यंतरात दिवे लागले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "हा मानूस मले बराबर नाही वाटून राह्यला." हे शब्द ऐकले मात्र, नणंदेने माझा दंड धरला. सासूबाई समोसा आणायला उठल्या तशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, अस्संच. अस्संच असते तठी. आईले दिसून राह्यलं ना? आईले समजलं ना?"

एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सलग वाक्य होतं. तिच्याकडे सांगायला शब्द नव्हते आणि पडद्यावर कोणीतरी ते तिच्या आईसमोर एकेक करून मांडत होतं. आता फक्त अर्धा सिनेमा उरला होता. तेवढा त्याने नीट चालावा एवढीच माझी इच्छा होती. मी कुठल्या देवाला हात जोडले ते आठवत नाही, पण जोडले.

आणि मग त्या सिनेमाने माती खाल्ली. मध्यंतरानंतर पहिल्याच प्रसंगात एक पोलीस अधिकारी गाडीतून उतरला. तोवर कुठल्याही गुन्ह्याचा पत्ता नव्हता, म्हणून एक मढं आणलं. मग शहरातून डॉक्टर आला आणि त्याने खुर्चीवर मागे रेलून आम्हाला सगळं समजावून सांगितलं. बाईची धाकटी बहीण लहानपणी विहिरीत पडून मेली होती. तेव्हापासून बाईच्या डोक्यात दुसरीच बाई राहते. किल्ल्या तीच लपवते, खिडक्या तीच उघडते, आणि तिलाच आठवत नाही. नवरा बिचारा सोसत होता. शेवटी तो तिला गाडीत बसवतो, तिच्या कपाळावरून हात फिरवतो, व्हायोलिन वाजतं आणि गाडी वेड्यांच्या दवाखान्याकडे निघते.

मी चिडले. अजूनही चिडते. माझं माहेर सोनाळ्याचं. तिथे आम्ही पोरी भुलाबाईची गाणी संपली की खाऊ ओळखायचो. जिच्या घरी भुलाबाई, तिने खाऊ बंद डब्यात आणायचा आणि वाजवून दाखवायचा. बाकीच्यांनी आवाजावरून सांगायचं, फुटाणे की खोबरं की मुरमुरे. हुशार पोरी डब्यात फडकं कोंबायच्या, आवाज दाबायच्या, त्याला कोणाची हरकत नव्हती. पण जे वाजलं तेच डब्यातून निघालं पाहिजे. एकदा एकीने डब्यात गोटे भरून वाजवले आणि आम्ही हरल्यावर ओच्यातून बत्तासे काढून वाटले. बत्तासे आम्ही खाल्ले, पण कोजागिरीपर्यंत तिच्याशी कोणी बोललं नाही. त्या दिग्दर्शकाने नेमकं तेच केलं होतं. दीड तास वाजत होतं एक आणि काढलं दुसरंच. ती खिडकी, ते वरण वाढून घेणं, ते हसणं, हे सगळं कुठे गेलं? त्याच्या हातात एवढी मोठी गोष्ट आली होती आणि तो तिला घाबरला.

दिवे लागल्यावर सासूबाई डोळे पुसत होत्या. त्या नवऱ्यासाठी पुसत होत्या. "पाह्य," त्या म्हणाल्या, "डोक्शातच असते सगळं. बिचारा कसा सांभाळून राह्यला व्हता." आणि मग त्यांनी आपल्या लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया होती आणि भीतीही होती. नणंदेने पिशवी उचलली आणि ती आमच्या पुढे चालू लागली.

परतीच्या एसटीत गर्दी होती. आम्हाला मागच्या सीटवर जागा मिळाली आणि समोर गाठोडी उभी. खिडकीची काच अडकलेली. मला राहून राहून वाटत होतं, हिला तिथेच ओढून बाहेर काढायला हवं होतं, मध्यंतरात.

दोन दिवसांनी संध्याकाळी पोरी भुलाबाईपुढे गाऊन गेल्या. त्या दिवशीचा खाऊ नणंदेने केला होता, शेंगदाण्याचे लाडू. पोरींना ओळखता आले नाहीत, दंगा करत लाडू घेऊन त्या पळाल्या. ती रिकामा डबा घेऊन ओसरीवरच बसून राहिली. मी जवळ बसले तेव्हा ती आपण होऊनच बोलायला लागली.

"वहिनी, हे लाडू मी सकाळी भरले. दुपारी उघडून पाह्यले. पोट्ट्या यायच्या आधी पुन्हा पाह्यले. भरलेलेच व्हते."

"मग?"

"तठी मी डबा भरून ठेवला का हे म्हनायचे, डबा खाली हाय, रिकामा हाय. मी म्हनो, आताच भरला. हे म्हनत, पाह्य बरं. मी जाऊन पाहो. भरलेलाच. हे नुसते हासत. अन् कधी कधी खरंच खाली राहे. मग कोनतं खरं, मले समजनंच बंद झालं. हे घरी नसले तरी मी माह्या हातानं भरलेला डबा उघडून उघडून पाहो. आता सांग, मारलं का त्यानं मले? काय सांगू मी आईले?"

मी रागाने उठले. तशीच स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितला. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तर त्या सिनेमातलं हाय. आपन तिघी पाहूनच आलो ना? तठी खिडकी व्हती, अठी डबा."

सिनेमाने तिला जी भाषा दिली होती ती आता तिची राहिलीच नव्हती. ती जे काही सांगेल ते पडद्यावरून उचललेलं ठरणार होतं, आणि पडद्यावरची बाई तर वेडी निघाली होती. रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू त्याच्यात नको पडू वं. आईनं ठरवलं हाय." मी ताट आपटलं. त्यानेही काही फरक पडला नाही. ती पुन्हा मधल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकली. या खेपेला तिने दार लावून घेतलं.

कोजागिरीला पोरींनी ज्वारीच्या उभ्या ताटांचा मांडव करून भुलाबाईला बसवलं, दूध आटवलं. दुसऱ्या दिवशी मूर्ती नदीला गेली आणि त्याच सकाळी जावई आला. खामगावची साडी नेसून नणंद तयार होती, तिची बॅग दाराशी होती. तिने कुठलाही विरोध केला नाही. तिच्याकडे पाहून मला त्या बंद खिडकीची आठवण येत होती आणि मी माझ्यावरच वैतागत होते, की आताही मला सिनेमाच आठवतो आहे.

जावई सासूबाईंच्या पाया पडला, पेढ्यांचा पुडा दिला, खुर्चीवर बसला. बसबद्दल बोलला, कपाशीबद्दल बोलला. बोलणं इतकं गोड की आपलाच आवाज आपल्याला रांगडा वाटावा. सासूबाईंनी चहा मला करू दिला नाही. जावयाचा चहा म्हणून स्वतः ठेवला, दूध जास्त घातलं, साखर तर चमचा शिगोशीग भरून भरून घातली. मी शेजारी कपबशा पुसत होते. एकाच पातेल्यातून सगळ्यांचे कप भरले आणि मी ट्रे बाहेर नेला.

जावयाने एक घोट घेतला. मग अगदी हलक्या आवाजात, हसून म्हणाला, "आई, साखर राहिली वाटतं घालायची. असू द्या, मला चालतं."

मी माझा कप तोंडाला लावलेला होता. चहा इतका गोड होता की दात शिवशिवले. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात नणंदेकडे लक्ष गेलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, कपाकडेही नाही. ती तिच्या आईकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

"अगं माय, राह्यली का?" सासूबाई ओशाळल्या. "वय झालं जवाईबापू, आता ध्यानात नाही राहत. थांबा, आनते." त्या लगबगीने आत गेल्या.

बराच वेळ झाला तरी त्या येईनात. मी आत गेले. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. साखरेचा डबा त्यांनी उघडला होता आणि त्या आत बघत होत्या. चमचा साखरेत रुतलेला होता, ओट्यावर सांडलेले दाणे होते, त्यांच्याच हातून सांडलेले. त्यांनी डब्याला झाकण लावलं. मग परत काढलं आणि परत आत बघितलं. पातेल्याच्या तळाशी घोटभर चहा उरला होता. तो त्यांनी तळहातावर ओतून घेतला आणि जिभेने टिपला. तरीही त्या हलल्या नाहीत.

"मी टाकली व्हती ना वं?" त्यांनी मला विचारलं.

आवाज नेहमीचा नव्हता. या बाईने आयुष्यात मला कधी कशाची खात्री विचारलेली नाही. मीठ, तिखट, लग्नं, माणसं, सगळं त्या स्वतःच ठरवत आल्या.

"टाकली होती," मी म्हटलं. "मी पाहिली."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे. हातात साखर नव्हती. त्या सरळ दाराशी गेल्या, वाकून लेकीची बॅग उचलली आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवली. मग परत येऊन जावयासमोर उभ्या राहिल्या.

"साखर बराबर हाय, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "तुमी चहा घ्या अन् निंघा. पोरगी नाही येत."

जावई हसला. "आई, तुमचा काहीतरी गैरसमज होतो आहे," असं त्याच हलक्या आवाजात म्हणाला. सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली, पण डबा पुन्हा उघडून पाहायला त्या आत गेल्या नाहीत.

नणंदेने तिचा गार झालेला कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "गोड हाय."